राखणदाराचा धर्म

रशियन साम्राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांत बेसारेबिया नांवाचा प्रांत होता. त्याची राजधानी किशिनेव्ह. हल्लीं हें शहर मोल्डोव्हा देशाची राजधानी आहे. १९०३ सालच्या एप्रिल महिन्यांत, ईस्टरच्या रविवारीं, या शहरांत ज्यू लोकांविरुद्ध दंगा सुरू झाला व तो दुसऱ्या दिवशीं सायंकाळपर्यंत चालला. ४९ माणसें ठार झालीं, शेंकडों जखमी झालीं, कित्येक स्त्रियांची विटंबना झाली, आणि घरें व दुकानें मिळून हजाराच्या वर लुटलीं अगर मोडलीं गेलीं. शहरांत लष्कर होतें. परंतु दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ होईपर्यंत तें हललें नाहीं. युरोपांत त्यानंतर याहून कितीतरी मोठीं हत्याकांडें झालीं. पुढल्या चाळीस वर्षांच्या आंत जें घडलें त्यापुढें किशिनेव्हचा आंकडा किरकोळ वाटावा. तथापि ज्यू समाजाच्या आधुनिक इतिहासांत या दोन दिवसांना जें स्थान आहे तें मृतांच्या संख्येवरून मिळालेलें नाहीं. आपल्या प्रार्थनामंदिराच्या आणि आपल्या गल्लीच्या तोंडाशीं आपणच उभें राहिलें पाहिजे, हा विचार या दोन दिवसांनंतर त्या समाजांत खोल रुजला. आणि तो रुजतो न रुजतो तोंच त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न आला. असा जो उभा राहील त्याच्या हाताला बंधन कोणाचें? प्रस्तुत लेखांत विचार करावयाचा आहे तो या दुसऱ्या प्रश्नाचा.

सरकारी शिपायाच्या दंडुक्याला मालक असतो. त्यानें तो कोठें उगारावा, किती जोरानें मारावा, चूक झाल्यास जाब कोणीं विचारावा, हें सारें निदान कागदावर तरी ठरलेलें असतें. स्वयंसेवकाचें तसें नाहीं. त्याला पगार नाहीं, पट्टा नाहीं, बढती नाहीं. त्याला रस्त्यावर आणून उभें करणारी गोष्ट एकच, ती म्हणजे आपल्या माणसांविषयींची काळजी. आणि ही काळजी जितकी खरी तितकी ती आंधळी होण्याचा संभव अधिक. म्हणून ज्यू स्वसंरक्षकांनीं आपणांस कोणते नियम घालून घेतले, ते कोठें पाळले व कोठें मोडले, ही हकीकत त्या एका समाजापुरतीच महत्त्वाची आहे असें मला वाटत नाहीं.

किशिनेव्हच्या दंग्याची साद्यंत माहिती जमविण्यासाठीं ओडेसा येथील ज्यू विद्वानांच्या एका मंडळानें हैम नाहमान बियालिक या तीस वर्षांच्या हिब्रू कवीस तेथें धाडलें. इतिहासकार सायमन डुब्नोव्ह हे या मंडळांतच होते. बियालिक तेथें कित्येक आठवडे राहिले, साक्षी घेतल्या, वह्या भरल्या. त्या वह्या त्यांच्या हयातींत छापल्याच गेल्या नाहींत. छापली गेली ती त्यांची ‘हत्येच्या नगरींत’ ही दीर्घ कविता. तींत मारणाऱ्यांपेक्षां लपून बसणाऱ्यांवरच कवीचा संताप अधिक आहे. वस्तुतः दंग्याच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुष्कळसे ज्यू पुरुष काठ्या घेऊन जमले होते, आणि त्यांना पांगविलें तें पोलिसांनीं. कवितेच्या वाङ्मयीन श्रेष्ठत्वाविषयीं मला मुळींच शंका नाहीं. पण त्या काठीवाल्यांवर तिनें अन्याय केला, असें म्हणणें भाग आहे. लोकांनीं वह्या बाजूस ठेवून कविता पाठ केली. जाबोटिन्स्की यांनीं तिचें रशियन भाषांतर केल्यावर ज्यांना हिब्रू येत नव्हतें त्यांच्यापर्यंतही ती पोंचली. आहाद हाआम, डुब्नोव्ह, बियालिक प्रभृति लेखकांनीं स्वसंरक्षणाची कायमची संघटना उभारण्याविषयीं एक पत्रकही काढलें. तरुण पिढीला स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेंतून ठिकठिकाणीं दलें निघालीं.

लाज ही मोठी प्रेरक शक्ति खरी. पण ती चांगला गुरु नव्हे. लाजेनें काठी उचलणारा माणूस ती वापरण्याची संधि शोधूं लागतो. राखणदाराचें काम नेमकें याच्या उलट आहे. रात्रभर जागून कांहींच घडलें नाहीं, तर त्याची रात्र सार्थकीं लागली.

सुदैवानें या तरुणांच्या पाठीशीं लाजेखेरीज आणखीही कांहीं होतें. आपल्याकडे ‘आततायी’ या एका शब्दाभोंवतीं स्मृतिकारांनीं व टीकाकारांनीं जेवढा काथ्याकूट केला आहे, तेवढाच, किंबहुना अधिक, ज्यू धर्मशास्त्रांत झालेला आढळतो. निर्गम ग्रंथांत असें वचन आहे कीं घर फोडणारा चोर फोडतांना सांपडून मारला गेला तर मारणाऱ्यास रक्ताचा दोष नाहीं, पण त्यावर सूर्य उगवला असेल तर दोष आहे. टाल्मुदकारांनीं या सूर्याचा लाक्षणिक अर्थ केला: चोर जीव घ्यावयास आलेला नाहीं हें तुम्हांस सूर्यप्रकाशाइतकें स्पष्ट असेल, तर त्याला मारण्याचा अधिकार तुम्हांस नाहीं. मारावयास येणाऱ्याला अगोदर उठून मार, हें वचन याच ग्रंथांत आहे, व तें सर्वांच्या तोंडीं आहे. त्याच प्रकरणांत पुढें थोड्याच पानांवर दुसरें वचन आहे, तें मात्र फारसें कोणी उच्चारीत नाहीं. दुसऱ्याच्या जिवावर उठलेल्या माणसास हात किंवा पाय जायबंदी करून थोपवितां येत असूनही ज्यानें ठार केलें, तो खुनी ठरतो. बाराव्या शतकांत मायमॉनिडीझनें आपल्या धर्मसंहितेंत हा नियम कायम ठेवला. सरहद्दीवरच्या गांवाला शब्बाथच्या दिवशीं शत्रूचा वेढा पडला, तर तो केवळ कडबा न्यावयास आला असला तरी शस्त्रें घेऊन बाहेर पडावें, अशीही आज्ञा आहे. म्हणजे हें शास्त्र दुबळ्यांचें नव्हे. आणि सोळाव्या शतकांतील शुल्हान आरूख या आचारग्रंथांत, लांब सुरी घेऊन प्रार्थनामंदिरांत शिरूं नये असें कित्येकांचें मत नमूद केलें आहे. दाराबाहेर शस्त्र चालेल, दाराच्या आंत नको, ही भावना तेथें आधींपासूनच होती.

किशिनेव्हनंतर पांच महिन्यांच्या आंत गोमेल शहरांत कसोटीची वेळ आली. बाजारांत मासळीच्या सौद्यावरून भांडण जुंपलें, त्यांतून मारामारी झाली, आणि दोन-तीन दिवसांनीं रेल्वेच्या कारखान्यांतील कामगारांचा जमाव ज्यू वस्तीवर चालून आला. या वेळीं दल तयार होतें. परंतु जमाव आणि दल यांच्यामध्यें सैन्य आणून उभें केलें गेलें, व त्याच्या बंदुकांचीं तोंडें दलाकडे वळलीं. दोन्ही बाजूंचीं माणसें मेलीं. पुढें खटला भरला, तेव्हां सरकारनें लुटणारे आणि राखणारे यांना एकाच पिंजऱ्यांत उभें केलें. जणूं काय हें दोन जातींचें भांडण होतें व सरकार मधला पंच! ज्यूंच्या वकिलांनीं निषेध म्हणून कोर्ट सोडलें. या खटल्यानें स्वयंसेवकांना जो धडा दिला तो कडू पण उपयुक्त होता. ज्याला सरकारचा पाठिंबा नाहीं त्याच्या हातून निरपराध्यास एक जरी फटका बसला, तरी तेवढा एकच फटका कोर्टाच्या दप्तरांत राहतो.

१९०५ च्या वसंतांत झितोमिर येथें दंगा झाला. त्यांत ज्यू दलाबरोबर उभा राहून मारला गेलेल्यांत निकोलाय ब्लिनोव्ह नांवाचा एक विद्यार्थी होता. तो ज्यू नव्हता, रशियन होता. झितोमिरच्या मदतीस चुडनोवहून पायीं निघालेले ज्यू तरुण वाटेंत ट्रोयानोव्ह गांवीं अडवून मारले गेले. या दोन घटना मी मुद्दाम शेजारीं ठेवल्या आहेत. एका गांवच्या ख्रिस्ती शेतकऱ्यांनीं वाट अडविली, आणि दुसऱ्या गांवीं एका ख्रिस्ती तरुणानें आपला देह आडवा घातला. ‘ते’ आणि ‘आपण’ अशी वांटणी धर्मावरून करणाऱ्या पहारेकऱ्याला झितोमिरमध्यें ब्लिनोव्हवरच काठी उगारावी लागली असती.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत ओडेसा येथें जें झालें तें सर्वांत भयंकर. पोलिसांच्याच अहवालाप्रमाणें चारशेंहून अधिक ज्यू तेथें मेले. विद्यापीठाच्या आश्रयानें दलें उभीं राहिलीं होतीं, त्यांत रशियन विद्यार्थीही होते, आणि कांहीं गल्ल्या त्यांनीं खरोखरच वांचविल्या. परंतु ओडेशाच्या कथेला दुसरीही बाजू आहे, व ती झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. मोल्डावान्का या गरीब ज्यू वस्तींतील मिश्का यापोन्चिक हा इसम त्या वेळच्या दलांत होता असें सांगतात. पुढें तोच दरोडे घालूं लागला, काळ्या पाण्याची शिक्षा भोगून १९१७ च्या क्रांतींत सुटला, आणि ओडेशाच्या गुंडांचा राजा बनला. आयझाक बाबेलच्या कथांतील बेन्या क्रीक हें पात्र त्याच्यावरून घेतलें आहे असें मानितात. कथांत तो मोठा रुबाबदार वाटतो. ज्या दुकानदाराकडे त्याचें खंडणीचें पत्र जात असेल त्याला तो तसा वाटला नसावा. कुंपणानें शेत खाण्याचा हा प्रकार कोणत्याही समाजाला नवा नाहीं. रक्षणासाठीं वर्गणी मागणारा हात आणि खंडणी मागणारा हात हे एकाच बाहीतून बाहेर येऊं शकतात. म्हणूनच पैशाचा हिशोब आणि हत्याराचा हिशोब एकाच माणसाकडे नसावा, हा दिसावयास क्षुल्लक नियम मला मोठमोठ्या घोषणांहून अधिक मोलाचा वाटतो.

गोमेलच्या दलांतील कांहीं मंडळी पॅलेस्टाइनमध्यें गेली. तेथें १९०९ सालीं ‘हाशोमेर’ म्हणजे ‘पहारेकरी’ या नांवाची संघटना निघाली. तींत येणाऱ्यास वर्षभर उमेदवारी करावी लागे, आणि नंतर दोन तृतीयांश सभासदांचीं मतें पडलीं तरच प्रवेश मिळे. तिच्या संस्थापकांपैकीं मेंडेल पोर्तुगाली यांची पहारेकऱ्यांना शिकवण अशी होती कीं, चोराशीं गांठ पडावी अशी इच्छा धरूं नका. त्याला हुसकून लावा. तो धान्याचें पोतें न्यावयास आला आहे, तुमचा जीव घ्यावयास नव्हे. नाइलाज झाला तरच गोळी घाला. हें वाचतांना निर्गम ग्रंथांतील तो सूर्य आठवल्याखेरीज राहत नाहीं. यांत व्यवहारही होता. एक खून म्हणजे पिढ्यान् पिढ्यांचें वैर, हें त्या प्रदेशांत सर्वांना ठाऊक होतें. पण याच लोकांनीं वसाहतींवरील पूर्वींच्या अरब राखणदारांना दूर करून तें काम आपल्याकडे घेतलें, व त्यांची घोड्यावरील ऐट शेजाऱ्यांच्या डोळ्यांत सलूं लागली, हेंही तितकेंच खरें आहे. पुढें १९३६ ते १९३९ च्या अरब उठावांत ‘हव्लागा’ म्हणजे संयम, व ‘शस्त्राची शुचिता’ हे शब्द रूढ झाले. बेर्ल कात्सनेल्सन यांनीं १९३९ च्या जिनीव्हा काँग्रेसमध्यें संयमाचा अर्थच शुद्ध शस्त्र असा सांगितला. त्याच काळांत दुसऱ्या एका ज्यू संघटनेनें हैफाच्या अरब बाजारांत बॉम्ब ठेवून डझनावारीं निरपराध माणसें मारलीं होतीं. येथून पुढची कथा सैन्याची व राज्याची आहे. ती कितीही महत्त्वाची असली तरी दारावरच्या पहाऱ्याचे नियम तींत शोधूं नयेत, आणि तिचे नियम दारावर लावूं नयेत.

दाराचा खरा विचार झाला तो लंडनमध्यें. महायुद्ध संपवून परत आलेल्या ज्यू सैनिकांनीं पाहिलें तों ऑस्वाल्ड मोझ्लीचे अनुयायी लंडनच्या चौकांत पुनः भाषणें ठोकीत होते. १९४६ सालीं या सैनिकांनीं ‘४३ ग्रुप’ नांवाचा गट काढला. शत्रूच्या गोटांत शिरून बातमी काढणें आणि त्याच्या सभा उधळणें हा त्यांचा क्रम १९५० पर्यंत चालला. पुढें केशभूषेंत जगप्रसिद्ध झालेला व्हिडाल ससून हा या गटांत होता. (आपल्या मुंबईच्या ससूनांशीं, नामसादृश्यावरून, त्याचा संबंध जोडण्याचें कारण नाहीं.) ब्रिटिश ज्यूंच्या प्रतिनिधिमंडळाला हा मार्ग पसंत नव्हता. आउशविट्झचीं छायाचित्रें नुकतींच पाहिलेल्या तरुणांना दोष देण्यास माझी जीभ वळत नाहीं. पण सभा उधळणारा मनुष्य राखण करीत नसतो. तो लढत असतो. हे दोन धंदे एका माणसानें एकाच दिवशीं करूं नयेत. लढवय्याला शत्रु हवा असतो, आणि दारावर येणाऱ्या शंभरांतील नव्व्याण्णव माणसें शत्रु नसतात.

ही वांटणी इंग्लंडांत हळूहळू झाली. १९९४ पासून तेथें ‘कम्युनिटी सिक्युरिटी ट्रस्ट’ ही धर्मादाय संस्था हें काम करते. तिचे स्वयंसेवक शस्त्र बाळगीत नाहींत, शिकवणीवांचून दाराशीं उभे राहत नाहींत, व पोलिसांशीं सहकार्यानें वागतात. २०१२ मध्यें मुसलमानांवरील हल्ल्यांची नोंद ठेवणारी संस्था निघाली तेव्हां तिला या ट्रस्टनें आपल्या अनुभवाचा फायदा दिला. ब्लिनोव्हचें ऋण अशा रीतीनें कोठेंतरी फिटत असावें. अमेरिकेंत २०१८ सालीं पिट्सबर्गच्या प्रार्थनामंदिरांत अकरा माणसें मारलीं गेल्यावर, प्रार्थनेला येणाऱ्यांनीं पिस्तूल बाळगावें कीं नाहीं हा वाद पेटला, आणि शुल्हान आरूखमधील त्या लांब सुरीचा ऊहापोह पुनः सुरू झाला.

२०१५ च्या फेब्रुवारींत कोपनहेगनच्या मोठ्या प्रार्थनामंदिराशीं मध्यरात्रीनंतर एक सदतीस वर्षांचा स्वयंसेवक उभा होता. आंत एका मुलीच्या धर्मदीक्षेचा समारंभ चालला होता, सुमारें ऐंशीं पाहुणे होते. त्याच्याजवळ शस्त्र नव्हतें. तो गोळी लागून दारांत पडला, पाहुणे वांचले. त्यानंतर आठवड्याच्या आंत ऑस्लो शहरांत मुसलमान तरुणांच्या पुढाकारानें हजारावर माणसांनीं तेथील प्रार्थनामंदिराभोंवतीं हात धरून कडें केलें. चार वर्षांनीं जर्मनींतील हाले येथें, योम किप्पूरच्या उपवासाच्या दिवशीं, हल्लेखोराला लांकडी दार फोडतां आलें नाहीं. त्यानें रस्त्यावरील एका स्त्रीला आणि खाणावळींतील एका तरुणाला मारलें. दार टिकलें म्हणून आंतले वांचले. बाहेरचे मात्र मेले.

मग परका माणूस दाराशीं आला तर काय करावें? २०२२ सालच्या जानेवारींत टेक्सासमधील कॉलीव्हिल येथें थंडीच्या सकाळीं एका अनोळखी इसमानें दार ठोठावलें. धर्मगुरु चार्ली सिट्रन-वॉकर यांनीं त्याला आंत घेतलें, चहा करून दिला. त्यानेंच पुढें पिस्तूल काढून त्यांना व इतर तिघांना ओलीस धरलें. अकरा तासांनीं धर्मगुरूंनीं त्याच्यावर खुर्ची फेंकून आपली व उरलेल्यांची सुटका करून घेतली, आणि सुरक्षिततेच्या शिकवणीनें आपण वांचलों असें सांगितलें. पण चहा दिल्याचा पश्चात्ताप त्यांनीं केला नाहीं. परक्याचें आतिथ्य सोडूं नये असेंच ते पुढेंही म्हणत राहिले. मला या गृहस्थांत राखणदाराचीं दोन्ही कर्तव्यें एकत्र दिसतात, आणि तीं एकमेकांशीं किती भांडतात तेंही दिसतें.

परका कोण, हें ठरवितांना डोळा प्रथम कातडी पाहतो. २०२१ मध्यें ब्रिटिश ज्यूंच्या प्रतिनिधिमंडळानें पत्रकार स्टीफन बुश यांच्याकडून आपल्या समाजांतील वर्णभेदाची चौकशी करविली. अहवालांत ११९ शिफारशी आहेत. त्यांत दाराशीं उभ्या असणाऱ्यांनीं काळ्या-सांवळ्या ज्यूंकडे संशयानें पाहूं नये ही एक आहे. प्रार्थनेला आलेल्या ज्यूलाच, केवळ रंगावरून, तूं येथें कसा असें विचारलें जात होतें. महाराष्ट्रीय वाचकाला यांत आपलीं माणसें दिसावयास हरकत नाहीं. कोंकणांत तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारीं ते बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’, म्हणजे आपले मराठी बोलणारे बेने इस्रायल, हजारोंनीं इस्रायलांत गेले. १९६० नंतर थोड्याच काळांत तेथील मुख्य धर्मपीठानें त्यांचे विवाह लावण्यापूर्वीं त्यांचा वंश मागच्या पिढ्यांपर्यंत तपासावा अशी सूचना काढली. शतकानुशतकें ज्यांनीं शब्बाथ पाळला त्यांना, तुम्ही खरे ज्यू आहां काय, हा प्रश्न आपल्याच घराच्या दाराशीं ऐकावा लागला. त्यांनीं यरुशलेमांत धरणें धरलें, १९६४ मध्यें तेथील पार्लमेंट त्यांच्या बाजूनें बोललें, तेव्हां ती सूचना बदलली.  सामाजी हसाजी दिवेकर यांनीं १७९६ मध्यें मुंबईंत बांधविलेल्या त्यांच्या पहिल्या प्रार्थनामंदिराचें नांव ‘दयेचें द्वार’ असें आहे. त्याला ते मराठींत मशीदच म्हणतात. दोन शतकें त्या द्वाराला पहारा लागला नाहीं. २००८ च्या नोव्हेंबरांत कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्यें सहा जण मारले गेले, त्यानंतर मुंबईच्या ज्यू प्रार्थनामंदिरांबाहेर पोलिस बसूं लागले.

२०२५ च्या ऑक्टोबरची दोन तारीख, पुनः योम किप्पूर. मँचेस्टरच्या हीटन पार्क येथील प्रार्थनामंदिराशीं एका इसमानें मोटार लोकांच्या अंगावर घातली व सुरा घेऊन तो दाराकडे धांवला. त्याच्या कमरेला स्फोटकांसारखें कांहीं बांधलेलें होतें. तें खोटें निघालें, पण तें नंतर. आंतल्या मंडळींनीं दार ओढून धरलें. सात मिनिटांत पोलिसांनीं त्याला गोळ्या घातल्या. दोन उपासक मेले. त्यांपैकीं एकाला लागलेली गोळी पोलिसांची होती असें दिसून आलें, कारण हल्लेखोराजवळ बंदूक नव्हतीच. सरकारी गोळी कोणत्या नियमानें सुटली याची चौकशी करावयास सरकारी यंत्रणा असते. दार ओढून धरणाऱ्यांनीं कोणता नियम पाळला, तें त्यांना कोणीं विचारलें नाहीं. तेवढा वेळही त्यांना नव्हता.